थर्मोस्टॅट चांगलाय, पण तो फक्त सेन्सरच्या टोकाचं ऐकतो

कोंबडीच्या पिल्लांच्या तीन बॅच झाल्या हे वापरून, म्हणून आता निवांत लिहितोय. पहिल्या बॅचनंतर लिहायला बसलो असतो तर सरळ एक स्टार टाकून मोकळा झालो असतो, आणि त्यातली अर्धी चूक माझीच होती हे तेव्हा कळलंही नसतं. आज पाचपैकी चार देतोय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या ब्रूडरसाठी, म्हणजे कोंबडीविना पिल्लं उबेत वाढवायच्या खोक्यासाठी म्हणून विकतात तो डिजिटल थर्मोस्टॅट. मागच्या पिना भिंतीतल्या सॉकेटमध्ये जातात, पुढे त्याच्यातच बल्बची पिन खोचायची, आणि खालून एक लांब काळी वायर निघते तिच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा स्टीलचा सेन्सर. समोर दोन आकडे दिसतात, वरचा म्हणजे आत्ता सेन्सरला लागतंय ते तापमान आणि खालचा म्हणजे आपण सांगितलेलं. तापमान खाली आलं की आतला रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टक करतो आणि बल्ब लागतो, आकडा गाठला की परत टक, बल्ब बंद. एवढंच. वायफाय नाही, अ‍ॅप नाही, नाहीये तेच बरंय.

हे घ्यायच्या आधी माझी पद्धत म्हणजे दोरीला बांधलेला बल्ब. गरम वाटलं की दोरी ओढून वर, गार वाटलं की सोडून खाली, आणि रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन बघायचं की सगळी जिवंत आहेत ना. दिवसा जमतं हो, पण पहाटे चारला बाहेरची हवा एकदम उतरते तेव्हा आपण गाढ झोपलेलो असतो आणि तो बल्ब संध्याकाळी सातला जिथे लटकवला तिथेच लटकतोय. सकाळी जाऊन बघावं तर सगळी एकमेकांच्या अंगावर चढून ढीग झालेला, खालची दबलेली. ज्यांनी पिल्लं वाढवलीत त्यांना तो ढीग माहितीये, त्यांना जास्त सांगायला नको.

ज्यांनी नाही वाढवली त्यांच्यासाठी थोडक्यात. अंड्यातून निघालेलं पिल्लू ३५-४० ग्रॅमचं असतं, अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते, आणि ती लव दिसते तेवढी उबदार नसते. मोठ्या कोंबडीचं अंग ४१ डिग्रीच्या आसपास असतं आणि ते तसं ठेवायची यंत्रणा तिच्या आत तयार असते, पिल्लाची ती यंत्रणा पहिले दोन-तीन आठवडे नीट चालतच नाही, बाहेर गार तर पिल्लू गार, बाहेर तापलेलं तर पिल्लू तापलेलं. कोंबडी असली की ती पंखाखाली घेते, पिल्लू आत-बाहेर करत आपलं आपण भागवतं. कोंबडी नसली की तिच्या जागी आपण, आणि आपल्याला तर धड स्वतःचा पंखा किती नंबरवर ठेवायचा यावर घरात एकमत होत नाही.

नियम सगळीकडे एकच सांगतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ९५ फॅरनहाइट म्हणजे ३५ डिग्री, मग दर आठवड्याला ५ फॅरनहाइट, म्हणजे अंदाजे ३ डिग्री कमी, असं करत २१ पर्यंत आलं आणि अंगावर पिसं भरली की बल्ब काढायचा. साधारण पाच-सहा आठवडे. वाचायला सोपं आहे. मी ३५ सेट केलं, सेन्सर खोक्यात सोडला, वाटलं झालं काम, आता शांत झोप.

पहिल्या बॅचला २८ पिल्लं होती. सेन्सरची वायर मी खोक्याच्या कडेवरून आत सोडली आणि टेपने कडेलाच चिकटवली, कारण मॅन्युअलमध्ये जे चित्र आहे त्यात असंच दाखवलंय (मॅन्युअल म्हणजे एक घडी घातलेला कागद, त्यात अक्षरं इतकी बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचला). तासाभराने बघतो तर डिस्प्लेवर ३२, बल्ब धडधडीत चालू, आणि बल्बच्या खालची पिल्लं चोच उघडून धापा टाकतायत, पंख अंगापासून लांब धरलेले. खोकं लहान, त्यामुळे पळून जायलाही जागा नाही, सगळी कडांना चिकटलेली. बल्बखाली हात धरला तर दोन मिनिटं धरवेना. म्हणजे मशीनचं काही चुकलं नव्हतं. कडेला ३२ च होतं, ३५ होईपर्यंत ते बिचारं बल्ब चालू ठेवणारच, मध्ये मग ४० होवो नाहीतर ४५ होवो, त्याला कुठे दिसतंय.

मग मी शहाणपणा करून सेन्सर काढला आणि बरोबर बल्बच्या खाली, मधोमध भुशावर ठेवला. डिस्प्ले ३५, टक, बंद. थोड्या वेळाने टक, चालू. एकदम देखणं चाललं होतं. रात्री अकराला बघून झोपलो.

पहाटे साडेपाचला गेलो तर डिस्प्लेवर ३८.६ आणि बल्ब बंद. आणि खोली अशी गार की माझ्या अंगात स्वेटर. पिल्लांचा ढीग. पहिल्यांदा डोक्यात आलं की मशीन गेलं कामातून, ३८ दाखवतंय म्हणजे सेन्सर बाद. ढीग हाताने मोकळा करायला लागलो, एकेक पिल्लू उचलून बाजूला ठेवतोय, आणि अगदी तळाशी, तीन पिल्लांच्या पोटाखाली, तो सेन्सर सापडला. पिल्लं त्याच्यावर झोपली होती! पिल्लाचं अंग ३९-४० डिग्री, ते सेन्सरला चिकटलेलं, सेन्सरला वाटतंय केवढं गरम झालंय, बंद करा बल्ब. बल्ब बंद म्हणून पिल्लांना थंडी, थंडी म्हणून ती अजून जवळ येऊन बसतात, आणि बसतात ती नेमकी तिथेच जिथे मगाशी ऊब होती, म्हणजे सेन्सरवर. कितीतरी तास हेच चक्र चालू असणार. माझं मशीन अख्खी रात्र तीन पिल्लांचा ताप मोजत बसलं होतं. दोन पिल्लं दबून मेली होती.

राग आला म्हणून विकणाऱ्याला फोन केला, तर समोरचा म्हणतो, "साहेब, सेन्सर व्यवस्थित जागी लावा." अरे पण व्यवस्थित जागा कुठली ते सांगा ना! तेवढं एक वाक्य कागदावर छापलं असतं तर माझी दोन पिल्लं वाचली असती. पाचवा स्टार इथे गेला. मशीनसाठी नाही, त्या कागदासाठी.

आता जागा कुठली ते मी सांगतो, दोन बॅचमध्ये बसवून बघितलंय. बल्बच्या बरोबर खाली नाही आणि कडेलाही नाही. बल्बखाली भुशावर जो उबेचा गोल पडतो त्याच्या कडेवर, म्हणजे मधल्यापासून भिंतीपर्यंतच्या साधारण अर्ध्या वाटेवर. उंची पिल्लाच्या पाठीएवढी, म्हणजे सुरुवातीला भुशापासून दोन बोटं, मग पिल्लं वाढतील तसा वर घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्यावर कोणी बसता कामा नये. मी घरातली जुनी स्टीलची गाळणी सेन्सरवर उलटी घातली, तिची दांडी खोक्याच्या भिंतीतून बाहेर काढून तारेने बांधली. हवा आत-बाहेर होते, पिल्लं चोची मारतात, वर चढायला बघतात, घसरून पडतात, सेन्सरला काही होत नाही. घरी दोन दिवस विचारणा चालली होती की गाळणी कुठे गेली, मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

खोक्याचंही बदललं. चौकोनी खोकं काढलं, पुठ्ठ्याची लांब पट्टी गोल वळवून चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं गोल कुंपण, केला, त्यामुळे कोपरे गेले, कोपऱ्यात पिल्लं पटकन ढीग करतात. आणि बल्ब मधोमध न लावता एका बाजूला घेतला. हा बदल मला थर्मोस्टॅटपेक्षा मोठा वाटतो, खरंच. एका बाजूला ३५, दुसऱ्या बाजूला २५-२६, मग पिल्लू स्वतःच ठरवतं कुठे बसायचं. पाणी आणि खाद्य मधल्या पट्ट्यात, बल्बखाली नाही, नाहीतर पाणी कोमट होऊन खराब होतं आणि बसून बसून भांड्यात शिटतात. पाण्याच्या थाळीत पहिला आठवडा गोटे टाकतो, कारण पिल्लू पाण्यात पडलं, भिजलं, की वर कितीही बल्ब असू दे, गारठतं.

तरीपण थर्मोस्टॅट कशाला मग, असं कोणी विचारेल. तर पहाटे चारसाठी. दुपारी खोलीत उकडतं तेव्हा तो बल्ब बंद ठेवतो, पहाटे हवा उतरली की चालू करतो, ही जी दिवस-रात्रीची उडी आहे ती मला दोरी ओढून कधीच जमली नव्हती. दुसऱ्या बॅचला तीन दिवस ढगाळ, मग एकदम ऊन, मग परत गारवा असं झालं आणि पिल्लांना पत्ताही लागला नाही. रात्री दोनला उठणं बंद झालंय. म्हणजे सवयीने जाग येते अजून, पण मी कूस बदलतो आणि त्या खोलीतून लांबून टक ऐकू येतं, की परत झोप.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे तापमान उतरवणं. आठवड्याला ३ डिग्री म्हणतात म्हणून सोमवारी एकदम ३ कमी केलं तर त्या रात्री पिल्लं कुरकुरतात. बटण दाबायचंच तर मी रोज अर्धा डिग्री खाली घेतो, सातव्या दिवशी हिशोब जवळपास तेवढाच होतो आणि त्यांना कळतही नाही. दोरी असताना हे असलं बारीक काम शक्यच नव्हतं. आणि हे आकडे म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, तिसऱ्या बॅचला बाराव्या दिवशीच सगळी पिल्लं गार बाजूला पसरून झोपायला लागली, पंखांची पिसं लवकर आली होती, मी दोन डिग्री आधीच उतरलो आणि काही बिघडलं नाही.

घेतल्या घेतल्या एक काम करा, सेन्सर खरं बोलतो का बघा. ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भरून त्यात थोडं पाणी घालायचं, ढवळायचं, पाच मिनिटांनी सेन्सर मधोमध धरायचा, काचेला टेकवायचा नाही. ० यायला पाहिजे. माझा आला १.३. मग कोमट पाण्यात ताप मोजायचा थर्मामीटर आणि हा सेन्सर दोन्ही जोडीने धरले, तिथेही हा सव्वा डिग्री जास्त. म्हणजे मी ३५ म्हणतोय तेव्हा खरे पावणेचौतीस. सेटिंगमध्ये दुरुस्तीचा आकडा टाकायची सोय आहे, उणे १.३ टाकलं, संपलं. मोठी चूक नाही ही, पण पहिल्या दिवसाच्या पिल्लाला गारठवायला पुरते, आणि उलट्या बाजूला असती तर उकडायला.

फरकाचा आकडा पण बघा, म्हणजे बंद झाल्यावर किती उतरलं की परत चालू व्हायचं. येतो तेव्हा २ वर असतो, मी १ वर आणला. त्याहून कमी केला तर रिले सारखा टकटक करत राहतो, त्याचंही आयुष्य जातं आणि माझं डोकंही. आणि एक, हेच मशीन अंड्यांच्या इन्क्युबेटरला, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीला, लावू का असं एकाने मला विचारलं, तर नका लावू, तिथे ३७.५ च्या आसपास अगदी बारीक राखावं लागतं, एक-दीड डिग्रीचा झोका अंड्यांना २१ दिवस देऊन चालत नाही.

बल्बचं काय. पहिल्या बॅचला २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड होता. चालतो, पण थर्मोस्टॅटबरोबर एक गंमत होते, दर काही मिनिटांनी अख्ख्या ब्रूडरमध्ये लख्ख लाल, मग मिट्ट काळोख, मग परत लाल. पिल्लं दचकून उठायची. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना झोपच लागू देत नाही हा दिवा." बरोबर होतं तिचं. दुसऱ्या बॅचपासून सिरॅमिक हीटर लावला, तो उजेड देत नाही, नुसती ऊब देतो, तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही, त्यामुळे चालू-बंद झालेलं पिल्लांना जाणवतच नाही. उजेडासाठी वेगळा छोटा बल्ब. फक्त सिरॅमिकला चिनी मातीचाच होल्डर लागतो, मी आधी घरातला प्लॅस्टिकचा होल्डर वापरला आणि अर्ध्या तासात जळका वास यायला लागला, नशीब शेजारीच होतो. आणि हा हीटर चालूय की बंद ते बघून कळत नाही, म्हणून हात लावायला जाऊ नका, चटका चांगला बसतो. मला बसलाय.

आणि बल्ब घेताना त्याच्यावर फुटू नये म्हणून टेफ्लॉनचा लेप दिलेला नाही ना ते नक्की बघा. असे बल्ब मिळतात. तापल्यावर त्या लेपातून जो वायू निघतो तो आपल्याला कळत नाही पण पक्ष्यांच्या फुप्फुसाला विष आहे, सगळी पिल्लं एका झटक्यात जातात आणि माणूस तापमानाचा दोष काढत बसतो.

टांगणं दुहेरी करा. एक साखळी बल्बच्या वजनाला, दुसरी नुसती पडू नये म्हणून. होल्डरच्या वायरवर बल्ब लटकवू नका. खाली कोरडा भुसा आहे, आणि ब्रूडरच्या बल्बने आगी लागतात त्या अशाच, बल्ब सुटून भुशात पडतो. थर्मोस्टॅट इथे काहीही करू शकत नाही, उलट बल्ब पडला आणि सेन्सर लांब असला तर तो इमानदारीने चालूच ठेवेल. तसंच रिले म्हणजे शेवटी दोन पत्रे टेकतात आणि सुटतात एवढंच असतं, जुना झाला की ते पत्रे चिकटून बसू शकतात, मग बंद होण्याची वेळ आली तरी बल्ब चालूच. माझा अजून चिकटलेला नाही, पण म्हणूनच ब्रूडरला गार बाजू हवीच, मशीन बिघडलं तरी पिल्लाला पळायला जागा हवी.

जमिनीचा मुद्दा राहिला. सेन्सर हवेत असतो, पाय जमिनीवर असतात. खाली फरशी असेल आणि भुसा पातळ असेल तर डिस्प्लेवर ३५ आणि पिल्लाचे पाय बर्फ, असं होतं. मला हे दुसऱ्या बॅचला कळलं, सगळं बरोबर दिसत होतं पण पिल्लं चिवचिवत होती, ती बारीक समाधानाची चिवचिव नाही, वरच्या पट्टीतली, न थांबणारी, ज्याने आपलंच काळीज हलतं. एक उचलून त्याचे पाय गालाला लावले तर गार. हातापेक्षा गालाला चांगलं कळतं, करून बघा. मग खाली पुठ्ठ्याचे दोन थर, त्यावर रंध्याचा भुसा तीन इंच, आणि पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच हीटर चालू करून ठेवला, म्हणजे २४ तासांत भुसा खालपर्यंत गरम होतो. आता हाच नियम, पिल्लं आल्यावर बल्ब लावायचा नाही, बल्ब लागलेल्या घरात पिल्लं आणायची. पेपर अंथरायचा असेल तर गुळगुळीत नको, पाय फाकतात, त्याच्यावर भुसा किंवा खरखरीत कापड पाहिजे.

मी डिस्प्ले आता दिवसातून दोनदाच बघतो. बाकी पिल्लं बघतो. सगळीकडे पसरलेली, काही खातायत, काही आडवी पडून एक पाय लांब करून झोपलीत (पहिल्यांदा बघणाऱ्याला मेलंय असंच वाटतं, मलाही वाटलं होतं), म्हणजे बरोबर आहे. बल्बखाली गच्च गोळा, म्हणजे गार. बल्बपासून लांब गोल करून बसलीत, धापा टाकतायत, पाणी सारखं पितायत, म्हणजे जास्त. आणि सगळीच्या सगळी एकाच बाजूला, बल्ब भलतीकडे आणि ही भलतीकडे, म्हणजे कुठून तरी वारा येतोय, खिडकीची फट बघा. या शेवटच्याला मशीन कधीच सांगणार नाही, कारण सेन्सरला वाऱ्याची झुळूक लागतच नाही जर तो दुसऱ्या बाजूला असेल. पण फट बंद करायची म्हणजे वरून प्लॅस्टिक गुंडाळून हवाबंद करायचं नाही, खाली लघवी-विष्ठेचा ओलावा असतो, अमोनिया साठतो, आपण वाकून श्वास घेतल्यावर डोळे चुरचुरले तर पिल्लांचं काय होत असेल.

मागून शी चिकटून सुकली असेल तर तेही तापमानाचं लक्षण असू शकतं, जास्त गरम झालं तरी होतं, गारठलं तरी होतं, प्रवासाच्या ताणानेही होतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडवायचं, ओढायचं नाही, पुसून कोरडं करून मगच परत सोडायचं. दुर्लक्ष केलं तर भोक बंद होऊन पिल्लू मरतं. पहिल्या बॅचला सहा-सात होती अशी, तिसरीला एक.

लाईट गेल्यावर हे मशीन अर्थातच मुकं. परत आल्यावर सेटिंग लक्षात ठेवतं, हे चांगलंय, नाहीतर स्वस्तातली काही परत पहिल्या आकड्यावर जातात म्हणे. पण लाईट गेली हे सांगणारा अलार्म नाही, आतमध्ये एक छोटी बॅटरी आणि बझर टाकला असता तर मी वर काय ते हसत दिलं असतं. त्या वेळेला गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून भुशात ठेवतो, वरून अर्धं झाकतो, पिल्लं बाटल्यांना चिकटून बसतात, दोन-तीन तास सहज निघतात. बाटलीचं झाकण दोनदा तपासा, एकदा ठिबकून सगळा भुसा ओला झाला होता.

बटणांना लॉक नाही हीसुद्धा तक्रार. मुलीने एकदा उत्सुकतेने दाबून ठेवलं आणि सेल्सियसचं फॅरनहाइट झालं, मी सकाळी ९१ वाचलं आणि एक क्षण माझ्याच छातीत रिले वाजला.

एका मित्राकडे हीटिंग प्लेट आहे, पायांवर उभी असलेली सपाट पाटी, पिल्लं खाली शिरतात आणि पाठ टेकवतात, कोंबडीसारखंच. त्याला थर्मोस्टॅट लागत नाही, वीजही खूप कमी खाते, २०-२५ वॅटमध्ये पंधरा-वीस पिल्लांचं भागतं, आगीची भीतीही कमी. ती खाली किती डिग्री आहे हे मोजत बसण्यात अर्थ नाही, ती हवा तापवत नाही, टेकलेली पाठ तापवते. पण खोली फारच गार असेल तर प्लेटबाहेर येऊन खायला-प्यायला पिल्लं धजत नाहीत, खालीच बसून राहतात आणि उपाशी राहतात, त्याने तसं बघितलंय. थोडी पिल्लं आणि बऱ्यापैकी उबदार खोली असेल तर मी म्हणेन प्लेटच घ्या, हे थर्मोस्टॅटचं लचांड नको. पन्नासच्या आसपास पिल्लं, दिवस-रात्रीत बराच फरक पडणारी खोली, असं असेल तर हा थर्मोस्टॅट आणि सिरॅमिक.

वायर अजून एक हात लांब हवी होती, स्क्रीनचा उजेड रात्री डोळ्यात येतो म्हणून मी त्याच्यावर कागद चिकटवलाय, बाकी बांधणी दणकट आहे, धूळ आणि भुशाच्या कणात तीन बॅच चाललंय.

चौथी बॅच इन्क्युबेटरमध्ये आहे, आज अठरावा दिवस, अंडी फिरवणं बंद केलं. ब्रूडर आत्ताच मांडून ठेवलाय, सेन्सर जागेवर, बर्फाच्या ग्लासात परत तपासलं, शून्यावर आला. गाळणी मात्र घरच्यांनी परत नेलीये, उद्या नवी आणायचीय.